घागरीपासून विचार

आमच्या नांदेडच्या वसाहतीत एप्रिल सरत आला की नळ रुसतो आणि टँकर येऊ लागतो. परवा सकाळी तो गेटातून आत वळला. मागच्या तोटीतून पाण्याची धार रस्त्यावर सांडत होती. तापलेल्या डांबरावर आणि लोखंडावर पाणी पडलं की जो एक वास उठतो ना, तो थेट नाकात शिरला. हा मातीचा वास नव्हे बरं. त्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. हा वास गंजाचा, डिझेलचा, तोटीला गुंडाळलेल्या ओल्या गोणपाटाचा. शेजारीण नाकाला पदर लावून म्हणाली, "काय बाई घाण वास!" मी मात्र हातातला चहा निवेपर्यंत गॅलरीत तशीच उभी राहिले. त्या वासात माझी पहिली नोकरी आहे, एक कोरडं वर्ष आहे, आणि एक माणूस आहे, ज्याचे आभार मानायचे माझ्याकडून धडपणे राहूनच गेले.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. उस्मानाबादेपासून वेगळा निघालेला हा संसार, आणि वेगळ्या निघालेल्या संसारात असते तशीच आमच्या कचेरीची अवस्था. शिक्का होता तर शाईचा पॅड नव्हता. कपाट आलं होतं, पण त्याची किल्ली जुन्या जिल्ह्यात राहिली होती. तिकडून आलेले कागद पोत्यांत भरलेले होते आणि खुर्च्या कमी पडतात म्हणून आम्ही त्याच पोत्यांवर बसून डबे खात होतो. गावात जिकडेतिकडे बांधकामं निघालेली. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या हव्या, क्वार्टर्स हवीत, बंगले हवेत. सगळीकडे विटांचे ढीग, खडीचे ढीग, नव्या पाट्या, नवा उत्साह. आणि नेमकी त्याच वेळी, सलग दुसऱ्या वर्षी, पावसानं पाठ फिरवली. मांजरेच्या पात्रातून लोक चपला घालून पलीकडे जात होते. नवलाई आणि टंचाई एकाच दारानं आत आल्या, आणि मला नेमलं ते टंचाईच्या टेबलावर.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. गणित घेऊन पहिल्या वर्गात पास झालेली, म्हणजे नाक किती वर असेल ते तुम्हीच समजून घ्या. छप्पन साली धर्म बदललेल्या घरातली मी; आजोबांना सही येत नव्हती, वडील मात्र शिकून नांदेडच्या कोर्टात कारकून झाले. त्यांचा कागदावर भारी जीव. घरात कुठलीही अडचण आली, अगदी नळजोडणी अडली किंवा शाळेत कुणी माझ्या भावाला मागं बसवलं, की ते एक अर्धा ताव काढायचे, मधोमध रेघ मारायचे, डाव्या बाजूला 'काय ठाऊक आहे' आणि उजव्या बाजूला 'काय ठाऊक नाही' असं लिहायचे. "आपल्या तोंडचं कुणी ऐकलं नाही बाळ," ते म्हणायचे, "कागदाचं मात्र त्यांना ऐकावं लागलं." त्या अर्ध्या तावानं आमच्या घराला गावकुसाबाहेरून पक्क्या घरात आणलं, म्हणून त्या सवयीला मी आजही नावं ठेवत नाही. विचार करायचा म्हणजे आधी मांडायचं, वरून खाली उतरत जायचं, एकही पायरी गाळायची नाही. डोकं चालवायची दुसरी काही रीत असते, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

मी रुजू झाले तेव्हा टँकर मनाला येईल तसे फिरत होते. एका गावात दोनदा जायचे, एका गावात जायचेच नाहीत. मी आलेखाचा कागद आणला. सतरा गावं, चार टँकर, रस्ते, अंतरं. कुठल्याही टँकरनं एकच रस्ता उगाच दोनदा तुडवू नये अशी मी फेऱ्यांची वीण घातली. साहेबांनी तो तक्ता बैठकीत हातात धरून सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "याला म्हणतात डोकं!" झालं! आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत. मेली हुशारी! एकदा अंगात शिरली की आधी कानात बोळे घालते.

आता ज्यांचे आभार राहिले, ते मिस्त्री. हातपंप दुरुस्त करायच्या पथकातले. हदगावकडचे, म्हणजे आमच्याच नांदेड जिल्ह्यातले, त्यामुळे माझ्याशी बोलताना त्यांचं ते 'करून राहिलो, जाऊन राहिलो' अगदी मोकळं सुटायचं. वय पन्नाशीचं, शिक्षण चौथी, खाकी शर्टाच्या खिशात कायम पंपात बसवायची दोन चामडी वायसरं. सुरुवातीला त्यांचं काम पाहून माझा जीव वर-खाली व्हायचा. बंद पडलेल्या पंपापाशी जायचे आणि पंपाला हातच लावायचे नाहीत! आधी पाणी भरायला आलेल्या बायांपाशी उकिडवे बसायचे. "आधी जड झाला का आधी वाजला? शेवटची घागर कोणी भरली? तिचे हात भरून आले होते का?" अशा चौकशा. मग नळीला कान लावायचा, डोळे मिटायचे. मग चहा. आणि मग उठून नेमका एकच सांधा खोलायचा. मी त्यांना एकदा शहाणपणा शिकवायला गेले. म्हटलं, "मिस्त्री, पुस्तकात क्रम दिलाय ना, वरपासून एकेक तपासत यावं." ते हसले. "हाव बाई, पुस्तकानं बी होते. पण पुस्तक समद्या पंपांचं हाय, अन् हा पंप या एकाच गावचा हाय." मला वाटलं, हा माणूस वेळ काढतोय.

मार्च संपता संपता एक बाई कचेरीत आली. औशाच्या पुढं, किल्लारीच्या वाटेवरच्या एका खेड्यातली. कडेवर कळशी. ती तिनं सरळ माझ्या टेबलावर, माझ्या तक्त्याशेजारी ठेवली. आत चार बोटं गढूळ चिखल. "बघा बाई. टँकर येतो म्हणत्यात. आमच्या वाट्याला ह्ये येतंय." रोजगार हमीच्या कामावरची हजेरी बुडवून ती आली होती. "आमचा नंबर शेवटी असतो," एवढंच ती म्हणाली, आणि 'आमचा' म्हणजे कुणाचा हे मला विचारावं लागलं नाही. माझ्या आजीचाही नंबर शेवटीच असायचा. रक्त असं उसळलं माझं! तिला म्हटलं, "आठ दिवसांत शोधून काढते."

अर्धा ताव घेतला. रेघ मारली. गावात माणसं किती, टँकरमध्ये पाणी किती, रोज फेरी किती. गणित स्वच्छ होतं. जेवढं पाणी निघतं तेवढं गावाला पुरायला हवं. आणि गावाला मिळतं निम्मं. म्हणजे उरलेलं निम्मं वाटेत नाहीसं होतं. आणि वाटेत टँकरपाशी कोण असतं? एकटा ड्रायव्हर. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. वयस्क, रोजंदारीवरचे, बोलायला कमी. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब सहज बोलून गेले की मामांचा टँकर रोज एका नव्या बांधकामापाशी उभा दिसतो. घ्या! बांधकामवाले तेव्हा पाण्यासाठी वेडे झाले होते. उत्तर मिळालं. मी सुबक अक्षरात टिपणी लिहिली: चालक पाणी परस्पर विकत असल्याचा दाट संशय, सबब त्यास कामावरून कमी करावे. साहेब दौऱ्यावर होते, सोमवारी येणार होते. टिपणी त्यांच्या टेबलावर गेली. एक सही झाली की दुष्काळात, चार लेकरांचा तो माणूस चोर ठरून रस्त्यावर आला असता. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट छान वाटलं, हे कबूल करते.

गुरुवारी मिस्त्री सामान न्यायला कचेरीत आले. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सगळं सांगितलं. चूक म्हणाले नाहीत, बरोबरही म्हणाले नाहीत. नुसतं विचारलं, "त्या गावात दुपारी कोण असते?"

"म्हणजे?"

"टँकर दुपारी जाते ना तिथं? मंग दुपारी गावात कोण असते?"

मी वैतागले. म्हटलं, "मिस्त्री, प्रश्न पाण्याचा आहे, माणसांचा नाही."

"तुम्ही टँकरपासून विचार करून राहिल्या, बाई," ते शांतपणे म्हणाले. "मी घागरीपासून करतो. चला उद्या, पाहून येऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पथकाच्या जीपमधून आम्ही गेलो. पोचलो तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. एका ओट्यावर एक म्हातारबुवा, दोन झोळ्यांत दोन तान्ही, आणि एक कुत्रं. बाकी सगळं गाव, बायाबापड्या झाडून, दिवस उगवताच दोन कोसांवर पाझर तलावाच्या कामावर गेलेलं. बरोबर बाराला टँकर आला. माझाच तक्ता तो, उशीर कसा होईल! मी शिडीवरून चढून आत डोकावले. टाकी गळ्यापर्यंत भरलेली. "आज आपण आहोत म्हणून," मी पुटपुटले. मिस्त्री म्हणाले, "असू द्या की."

मामांनी गावच्या आडात नळी सोडली. टँकर रिकामा करून ते पुढच्या फेरीला निघून गेले. मिस्त्री मला म्हणाले, "तुमचं मोजमाप पक्कं हाय, तर एक काम करा. आडाच्या दगडांचे वरून पाण्यापर्यंत किती थर दिसून राहिले ते मोजा." मी मोजले. अकरा. मिस्त्री लिंबाखाली गेले, म्हातारबुवांशी दोन शब्द बोलले, आणि चक्क तोंडावर रुमाल टाकून झोपले! मला असा संताप आला! करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तासाभरानं मी पुन्हा वाकून मोजले. बारा. माझीच चूक झाली असेल म्हणून परत मोजले. बाराच. एक घागर कुणी शेंदलेली नव्हती. पोहरासुद्धा कडेला कोरडा पडला होता. तीन वाजता तेरा. मग मात्र मी तिथून हललेच नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा चौदा.

दोन वर्षं कोरड्या पडलेल्या त्या आडाला तळापर्यंत भेगा गेल्या होत्या. गावाआधी तोच पाणी पीत होता. दिवस मावळताना बाया कामावरून धावतपळत आल्या, पुढच्यांना पाणी मिळालं, मधल्यांना गढूळ मिळालं, आणि शेवटी उभी होती ती माझ्या टेबलावर कळशी ठेवणारी. तिनं मला पाहिलं. तिला वाटलं, बाई दिलेल्या शब्दाला जागून चोर शोधायला आली. चोर आडातच होता, आणि त्याला रोज बाराच्या ठोक्याला वाढणारी मी होते.

मिस्त्री उठून बसले होते. "मला ठाऊक होतं," असं ते म्हणाले नाहीत. आजतागायत मला त्या न म्हणण्याचं नवल वाटतं. त्यांना पहिल्या तासातच सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग मी वाद घातला असता, आकडे काढले असते. त्यांनी मला माझ्याच रीतीनं, मोजून, चूक सापडू दिली. जीपमध्ये मी रडले, तेव्हाही ते खिडकीबाहेर बघत बसले. फक्त म्हणाले, "सोमवार अजून यायचा हाय, बाई."

शनिवारी मी एकटीच त्या बांधकामापाशी जाऊन उभी राहिले. अकराच्या सुमारास मामांचा टँकर आला. विटा वाहणाऱ्या बायांतली एक डोईवरची पाटी उतरवून खाली आली. ती त्यांची बायको. दोघांनी टँकरच्या सावलीत एकाच फडक्यावरून भाकरी खाल्ली, आणि दहा मिनिटांत टँकर हलला. मामांनी मला पाहिलं. "या की बाई, घासभर खावा. खर्डा लई झणझणीत हाय." मी खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं ते खर्ड्यानं आलं असं त्यांना वाटलं असणार.

सोमवारी साहेबांचं दार उघडायच्या आधीपासून मी तिथं उभी होते. म्हटलं, "साहेब, ती टिपणी परत हवी. चोरी झालेली नाही. पाणी आडात मुरतंय. आणि दुपारची वेळ मी लावली होती."

साहेबांनी चष्मा काढला. "तो तक्ता मी वरपर्यंत दाखवलाय."

"मग वरपर्यंत सांगावं लागेल, साहेब, की तो चुकलाय. चूक माझी आहे."

त्यांनी टिपणी काढून माझ्याकडे सरकवली. "बाहेर नेऊन फाडा. आणि दोन दिवसांत नवा तक्ता आणा. डिझेल वाढलं तर त्याचं मी बघतो." त्या क्षणी जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला कळलं.

नवा तक्ता मात्र सोपा नव्हता. मिस्त्री पोत्यावर बसून गावागावाचं तोंडपाठ सांगत होते: या गावच्या बाया कामावरून कधी येतात, त्या गावात सिमेंटची टाकी आहे, तिसऱ्या गावचा बाजार मंगळवारी. मी लिहीत होते. पण सगळ्याच गावांना सकाळ-संध्याकाळ हवी, आणि टँकर तर चारच. दीड दिवस मी त्या आलेखाशी झुंजले. शेवटी टाकी असलेली गावं दुपारी ढकलली, तेव्हा कुठं वीण जमली. मिस्त्रींनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, "हे मला सात जन्मात जमलं नसतं, बाई. माझ्या डोक्यात एका वेळी एकच गाव मावते." इतक्या मोकळेपणानं स्वतःची मर्यादा सांगणारा माणूस मी नोकरीत पुन्हा फारसा पाहिला नाही.

तुम्हीही माझ्यासारखे कागदवाले असाल तर तुम्हाला हे पटेल. आपल्याला वरून अख्खा जिल्हा दिसतो, म्हणून खालचं घर दिसत नाही. त्यांना एक घर लख्ख दिसतं, पण सतरा घरांचं एकमेकांशी असलेलं नातं हातातून निसटतं. पुढं अधिकारी झाल्यावर आम्हाला एकदा प्रशिक्षणाला बसवलं. कोण कसा विचार करतो याचे चार प्रकार फळ्यावर काढले, प्रश्नपत्रिका दिली. मी कुठल्या रकान्यात ते पाच मिनिटांत कळलं. मग मनातल्या मनात मिस्त्रींना बसवायला गेले. छे! झोप काढून उत्तर शोधणाऱ्यांचा रकानाच नव्हता तिथं. मी एकटीच हसले आणि शिकवणाऱ्या गृहस्थांनी रागानं माझ्याकडे पाहिलं. एका निर्दोष माणसाची रोजीरोटी माझ्या सुबक अक्षरानं गेली नाही, ती मिस्त्रींमुळे. मला तेव्हा ते शब्दांत म्हणता आलं नाही. हदगावच्या त्यांच्या मुलीच्या लग्नात साडी नेली, एवढंच.

नव्या तक्त्याच्या पहिल्या संध्याकाळी मी मामांच्या टँकरमध्येच बसून त्या गावाला गेले. बाया आडाभोवती उभ्याच होत्या. नळीतून पाणी पडत होतं आणि दोर खाली जात होते, भरून वर येत होते. शेवटच्या नंबरावरच्या बाईची कळशी भरली. तिनं ओंजळभर पाणी आधी स्वतःच्या तोंडावर मारलं, मग माझ्याकडे बघून मान डोलावली. परतीच्या आधी मामा नळी गुंडाळत होते. मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगून टाकलं: संशय, टिपणी, सोमवार, सगळं. म्हटलं, "मामा, माफ करा."

त्यांनी गुंडाळी पूर्ण केली. "फाडला न्हवं कागद? मग झालं." मग म्हणाले, "पर बाई, दुपारी गावात कुणी नसतंय, पाणी आडच लई पितो, ह्ये मी पहिल्याच हप्त्यात तुम्हाला सांगितलं होतं की."

"मला? नाही हो मामा."

"सांगितलं. तुम्ही मान हलवली, वहीत लिहून बी घेतलं. म्हणून मग मी पुन्हा बोललो न्हाई."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कचेरीत जाऊन मी फेऱ्यांची नोंदवही काढली आणि त्या पहिल्या आठवड्याचं पान उघडलं. गाव लिहिलेलं होतं, पोचल्याची वेळ होती, किलोमीटर होते, मामांची वाकडी सही होती. आणि शेवटच्या 'शेरा' या रकान्यात, माझ्या त्या सुबक अक्षरात, नोंदवण्यासारखं काही नसलं की लिहितात तो एकच शब्द होता: निरंक.

मी लाल शाईनं त्यावर काट मारली आणि खाली मामांचं वाक्य त्यांच्याच बोलीत लिहिलं. सरकारी वहीत 'लई' हा शब्द बहुधा तेव्हाच पहिल्यांदा गेला असेल. ती वही कधीच रद्दीत गेली असणार. पण पुढं निवृत्तीपर्यंत, निरंक लिहायची वेळ आली की माझं पेन प्रत्येक वेळी थांबलं आणि मी समोरच्या माणसाला म्हटलं, "पुन्हा एकदा सांगा बरं." त्या थांबण्यातून किती काय मिळालं मला! ज्या दोघांनी ते दिलं, त्यांना हे सांगावं असं आता फार वाटतं. पण ऐकायला त्या दोघांपैकी कुणीच उरलेलं नाही.